कमळाबाईंचा गळा आणि गॅलरीतली तुळस

कमळाबाईंच्या गॅलरीतली तुळस बोडकी झाली, हे सगळ्यात आधी शेजारच्या हेमाताईंच्या लक्षात आलं. दोन गॅलऱ्यांच्या मधे कमरेएवढी भिंत. हेमाताई कपडे वाळत घालायला आल्या, सहज पलीकडे नजर गेली, तर वृंदावनात नुसत्या काड्या उभ्या. शेंड्याला दोन-चार मंजिऱ्या राहिलेल्या, त्याही वाळक्या. दिवाळी होऊन गेलेली, तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि नवरीच्या अंगावर एक पान नाही.

"कमळाबाई, तुळशीला कीड लागली का हो?"

कमळाबाईंनी उत्तर दिलं, पण ते घशातच कुठेतरी अडकलं आणि बाहेर नुसती खरखर आली. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. कीड म्हणजे मीच, असं त्यांना म्हणायचं होतं.

कमळाबाई मानपाड्याच्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंगलाष्टका म्हणतो आणि घड्याळ बघत पुढच्या लग्नाला पळतो. पण हळद दळण्यापासून वरात निघेपर्यंत मांडवात जी बाई ठाण मांडून बसते आणि प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, म्हणते ती धवलारीण. लग्नाला देवांना बोलावायचं ते तिनं. गावदेवी, एकवीरा, खंडोबा, वेशीवरचा देव, सगळ्यांना नाव घेऊन. देव झाले की मग घरातली गेलेली माणसं. आजा, पणजा, चुलता, तरणाताठा गेलेला भाऊ. धवलारणीनं नाव घेऊन बोलावलं की ती मांडवात येऊन बसतात, आणि नाव राहिलं तर रुसून वेशीवर थांबतात, अशी पक्की समजूत. पत्रिका कितीही गुळगुळीत छापा, या पाहुण्यांना आवतण गळ्यातूनच जातं.

आणि तोच गळा बसला होता.

कमळाबाईंचं माहेर खाडीकाठचं, मिठागरातलं. मिठागरात माणसं लांब लांब पांगलेली असतात, त्यामुळे तिथली पोरं बोलायला शिकतात ती हाक मारूनच. लग्न होऊन त्या मानपाड्याला आल्या तेव्हा इथे सगळी भातशेती होती. त्यांनी दारात उभं राहून हाक मारली की चौथ्या बांधावरचा बैल मान वर करायचा, असं त्यांचा नवरा रघू सांगायचा. सासूनं तो गळा ओळखला आणि आपल्यामागे मांडवात बसवला. सासू गेली तशी पुढची जागा कमळाबाईंकडे आली. शेती गेली, तिथे टॉवर उभे राहिले, रघू गेला, अंगणातली तुळस सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत आली. पण मानपाड्यापासून शहाडपर्यंत कुणाच्या घरी मांडव पडला की पहिला फोन कमळाबाईंनाच.

त्या एका जागी बसणाऱ्या बाईच नव्हेत. टॉवरमध्ये आल्यापासून तर पायाला भिंगरीच. लिफ्टनं खाली जातील, वॉचमनला दोन शब्द सुनावतील, वर येतील, सुनेनं लावलेला कुकर बंद करतील, पुन्हा गॅलरीत. सून दर्शना म्हणायची, "आयेला एक दिवस खुर्चीला बांधून ठेवाला पायजे." पण या दसऱ्यापासून जी तगमग सुरू झाली होती ती वेगळी होती. दसऱ्याला करिश्माचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतर लगेचचं.

करिश्मा म्हणजे कमळाबाईंची नात, लेकीची लेक. लेक वैशाली डेंग्यूच्या तापात गेली तेव्हा करिश्मा दुसरीत होती. बापानं वर्षभरात दुसरा संसार मांडला, आणि पोर आजीच्या पदराखाली आली ती इथलीच झाली. शिकली, ठाण्याला बँकेत लागली, आणि आता शहाडच्या प्रशांतशी तिचं जमलं. मुलगा चांगला, घर चांगलं, कमळाबाईंना काही म्हणायला जागाच नव्हती. त्यांचा जीव अडकला होता तो एका ओळीत.

आवतणाच्या धवल्यात नवरीच्या गेलेल्या आईला बोलवायची ओळ येते. कमळाबाईंनी ती आजवर किती नवऱ्यांसाठी म्हटली असेल. दुसऱ्यांच्या आया त्यांनी न अडखळता बोलावल्या. पण आता त्या ओळीत वैशालीचं नाव घालायचं होतं. पोटच्या पोरीला गेलेल्या माणसांच्या रांगेत उभं करून हाक मारायची, आणि तीही सगळ्या मांडवादेखत, सूर न हलवता. आपण हाक मारली नाही तर पोरगी स्वतःच्या लेकीच्या लग्नाला येणार कशी, या एका विचारानं त्यांची झोप उडाली होती.

म्हणून त्यांनी सराव करायचं ठरवलं. आता यात एक अडचण. लग्न नसताना धवला म्हणत नाहीत. उगाच म्हटला तर बोलावलेले देव येतात, मांडव दिसत नाही, आणि चिडून परत जातात. सासूनं ही गोष्ट बजावून ठेवलेली. कमळाबाईंनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि पळवाट काढली. तुळस दर वर्षी नवरी होते. म्हणजे ती कायमचीच लग्नाळू. तिच्यापुढे बसून म्हटलं तर देवांना राग यायचं कारण नाही.

झालं. दुपारी घरातली माणसं आपापल्या कामाला गेली की कमळाबाई गॅलरीत पाट टाकून तुळशीसमोर बसायच्या. गावदेवीपासून सुरुवात, मग सगळे देव, मग सासू, सासरा, मग रघू. रघूला बोलावणं काही अवघड नव्हतं. जिवंतपणीही तो तिसऱ्या हाकेला यायचा, तेव्हा त्याचं नाव तीनदा घ्यायचं, संपलं. मग वैशालीची ओळ. 'मांडवाच्या दारी ये गो, माझे' एवढं म्हणून सूर वर चढवायचा आणि त्या चढावर नाव घ्यायचं. तिथेच गळा भरून यायचा. मग पुन्हा पहिल्यापासून, कारण देवांना सोडून मधूनच ओळ उचललेली त्यांना चालायची नाही. समोरच्या रस्त्यावर कॉंक्रीटचं काम चाललेलं, एमआयडीसीकडून वारा आला की घशाला वेगळीच मिरमिर, पण कमळाबाई ऐकतात कशाला. दिवाळीच्या आधीच आवाज घोगरा झाला, आणि भाऊबीजेला मुलगा कमलेश बाहेरून आला तर आतून आई बोलतेय की कुणी परकी बाई, हेच त्याला कळेना.

औषध घरातच होतं. घसा धरला की तुळस, हे काय कुणी शिकवायचं असतं? तुळशीची पानं, आलं, चार मिरे, गुळाचा खडा, पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं आणि गरम गरम घोट घ्यायचा. सर्दी-खोकल्याला अख्ख्या घरानं हाच काढा पिऊन दिवस काढलेले. कमळाबाईंनी सकाळ-संध्याकाळ काढा सुरू केला. एवढ्यानं भागेना म्हणून मधल्या वेळात दोन-दोन पानं नुसती गालात धरायला लागल्या. रविवारी तुळस तोडत नाहीत, तेव्हा रविवारची पानं शनिवारीच तोडून फ्रिजमध्ये. प्रत्येक वेळी आधी हात जोडायच्या, "माफ कर गो बाय, तुज्याच मैतरनीच्या लगनासाठी हाय," आणि मग खुडायच्या. नमस्कार केला की पाप लागत नाही, हा नियम त्यांचा त्यांनीच केलेला.

आणि इथेच त्यांची खरी चूक होत होती, जी त्यांच्या गावीही नव्हती. काढ्यानं घशाला ऊब मिळायची, जरा मोकळं वाटायचं. मोकळं वाटलं की लगेच, पेला खाली ठेवायच्या आधीच, गळा तपासून बघायचा. म्हणजे गावदेवीपासून रघूपर्यंत. आवाज फाटला की पुन्हा पानं, पुन्हा काढा, पुन्हा तपासणी. तुळस बिचारी देत होती आणि कमळाबाई दिलेलं उधळत होत्या. असं करता करता एके दिवशी त्यांनी हात पुढे केला तर खुडायला काही राहिलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी कमलेश फोन घेऊन आईसमोर बसला. पोरगा मनानं वाईट नाही. गळ्यातली चेन जाड आहे आणि डोकं झटपट चालतं, एवढंच.

"आये, टेन्शन नको घेऊ. हे बघ, धवले रेकॉर्डिंग मिळतात. एकदम क्लियर आवाज. मांडवात दोन स्पीकर लावू, तू फक्त बस समोर. विकीला सांगितलंय मी, डीजे त्याचाच हाय."

त्यानं फोनवर धवला लावला. कुठल्याशा बाईचा छान, तरणा, स्वच्छ आवाज होता. कमळाबाईंनी देवांची नावं ऐकली, मान डोलावली. मग आवतणाची ओळ आली आणि त्या बाईनं कुण्या भलत्याच घरातली भलतीच माणसं बोलावली. पाठोपाठ नवरीचं नाव आलं. तेही करिश्माचं नव्हतं.

कमळाबाईंनी कमलेशच्या हातातून फोन घेतला आणि उशीखाली घातला. लोकांची मेलेली माणसं आमच्या मांडवात कशाला, असं त्यांना विचारायचं होतं, पण तेवढंही बोलता येईना. राग आणि रडू एकदमच आलं, डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी हेमाताईंनी कीड लागली का म्हणून विचारलं ते हे असं सगळं झाल्यावर. हेमाताई डोंबिवलीतल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या. गणित शिकवायच्या, त्यामुळे समोरच्यानं मधली पायरी गाळलेली त्यांना खपत नसे. त्या कपड्यांची बादली तिथेच ठेवून कमळाबाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. तुळशीचं काय झालं, काढा किती वेळा, आवाज कधीपासून, सगळं विचारून घेतलं. कमळाबाई खरखरत, हातवारे करत सांगत राहिल्या. मधेच उठून त्यांनी उरलेला काढा गरम केला, एक घोट घेतला, आणि सवयीनं लगेच "गावदे—" असं सुरू केलं.

"थांबा," हेमाताई म्हणाल्या. "हे तुम्ही दर वेळी करता?"

कमळाबाईंनी मान हलवली.

"अहो, भाजलेल्या हाताला मलम लावायचं, आणि मलम लागू पडलं का बघायला तोच हात परत तव्यावर ठेवायचा, असं चाललंय तुमचं. तुळशीचा काय दोष त्यात? मलाही झालं होतं हे. पन्नास-पन्नास पोरांच्या वर्गात ओरडून ओरडून. उद्या माझ्याबरोबर यायचं. डॉक्टरांकडे."

डॉक्टरांनी नळी घालून घसा बघितला आणि पडद्यावर कमळाबाईंना त्यांचाच आवाज कुठून निघतो ते दाखवलं. दोन पट्ट्या होत्या, लालभडक, सुजलेल्या. घाबरण्यासारखं काही नाही, पण इतके दिवस आवाज बसलेला असताना अंगावर काढायचं नसतं, असं त्यांनी जरा दटावूनच सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. हेमाताईंनी तुळशीचं विचारलं.

"घ्या की. कोमट काढा घेतला तर घशाला बरंच वाटेल. पण आवाज तुळस आणून देणार नाही आणि मीही देणार नाही. तो गप्प बसल्यानं येईल. नातीच्या लग्नापर्यंत एक शब्द बोलायचा नाही, आजी. कुजबुजायचंही नाही. गाणं तर नाहीच."

"आणि लग्नात?" हे हेमाताईंनी विचारलं, कारण कमळाबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला होता.

"लग्नात थोडं, खालच्या पट्टीत. वर चढवायचं नाही. चढवलं तर परत इथेच याल."

कमळाबाईंच्या मनात तेवढंच राहिलं. वैशालीचं नाव होतं ते नेमकं चढावर.

गप्प बसणं म्हणजे काय असतं ते कमळाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. बोलता येत नाही म्हटल्यावर त्यांचे हातपाय दुप्पट चालायला लागले. घासलेली भांडी पुन्हा घासली. माळ्यावरची पातेली खाली काढली, पुसली, वर ठेवली. दर्शनानं भाजीत मीठ कमी घातलं ते सांगता येईना म्हणून सगळ्यांच्या ताटात स्वतःच मीठ वाढत फिरल्या. वॉचमन विचारायला लागला, आजी रागावल्यात का. रात्री अंथरुणावर पडलं की ओठ आपोआप हलायचे, मग त्या तोंडावर पदर दाबून धरायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गॅलरीत जाववेना. तिथे ती तुळस उभी होती. लग्न आठवड्यावर आलेल्या पोरीचे आपण अंगावरचे कपडे ओरबाडले, अशी शरम त्यांना तिच्यासमोर जाताना वाटत होती.

शेवटी एका सकाळी त्या कुणाला काही न सांगता, म्हणजे सांगता येतच नव्हतं, पिशवी घेऊन निघाल्या आणि रिक्षानं थेट कल्याणच्या बाजारात गेल्या. तुळशीच्या लग्नासाठी ऊस, आवळे, चिंचा घेऊन बाया बसलेल्या, रोपंवाल्यांच्या रांगा लागलेल्या. कमळाबाईंनी बोटांनी भाव केला. मुक्या माणसाशी घासाघीस करताना रोपवाल्याचाच जीव लाजला आणि त्यानं चांगलं दाट, काळसर हिरवं रोप काढून दिलं. तेवढ्यात शहाडकडची एक ओळखीची बाई समोर आली. "काय गो धवलारनी, नातीचा लगीन आमचेकडंच हाय ना?" कमळाबाईंनी हसून मान हलवली, गळ्याकडे बोट दाखवलं. त्या बाईनं गळ्यातली बोरमाळ बघितली आणि निराळाच अर्थ लावला. कमळाबाई घरी पोचायच्या आत शहाडहून दर्शनाला फोन आला, की तुमची सासू आता टॉवरवाली झाली, माणसांशी बोलत नाही, नुसते दागिने दाखवते. करिश्मा हसून हसून लोळली. कमळाबाईंना मात्र हसू येईना. गळा गेला तर लोक आपल्याला असंच ओळखणार, हे त्यांना तिथल्या तिथे दिसलं.

नवं रोप त्यांनी गॅलरीत आणलं. जुन्या तुळशीला वृंदावनातून उपटायचं आणि नवीन लावायची, एवढंच काम होतं. खुरपं हातात घेऊन त्या खाली बसल्या आणि जुनीच्या बुंध्याला हात लावला. काड्यांच्या बेचक्यांत, जिथे जिथे पान खुडलं होतं तिथे तिथे, मोहरीएवढे हिरवे ठिपके फुटले होते.

ही तुळस अंगणातली होती. टॉवर बांधायला घेतला तेव्हा वैशाली गरोदर होती, आणि तिनंच अंगणातल्या तुळशीची मंजिरी चोळून डब्यात पेरली होती. तिची तुळस, मग तिच्या बियांची, मग त्यांच्या बियांची, अशी ही या वृंदावनात टिकून राहिलेली. घरची पोर अंगानं वाळली म्हणून तिला उठवायचं आणि बाजारातून आणलेलीला पाटावर बसवायचं? कमळाबाईंनी खुरपं ठेवलं. नवं रोप उचलून मधल्या भिंतीवरून हेमाताईंच्या गॅलरीत ठेवून दिलं.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी त्या बोडक्या रोपालाच हिरवं पातळ नेसवलं. ऊस बांधला, मुंडावळ्या बांधल्या, दर्शनानं काड्यांना हिरव्या बांगड्या अडकवल्या. मजल्यावरच्या बाया जमल्या, गावातल्या जुन्या चार-पाच जणी मुद्दाम आल्या. दर वर्षी कमळाबाई धवला म्हणायच्या. या वर्षी त्या पाटावर बसल्या आणि हेमाताईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की वर्गातली मस्तीखोर पोरंसुद्धा गार पडावीत.

कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती. गावातल्या एकीनं गावदेवीची ओळ उचलली. दुसरीनं खंडोबाला मधेच घुसवलं. एकवीरा राहिलीच, ती मागाहून आठवली. चाल कधी खाली पडली, कधी हळदीच्या गाण्यात शिरली. कमळाबाईंच्या अंगाची लाहीलाही होत होती. त्या मांडीवर ताल धरत होत्या, चुकलं की हवेत बोट नाचवत होत्या, आणि तोंड मिटून ठेवायला त्यांनी ओठांत पदराचं टोक धरलं होतं. इतकी वर्षं या बाया मागे बसून माझं ऐकत होत्या की गप्पा मारत होत्या, असं त्यांच्या मनात आलं.

मग नवरीच्या आईची ओळ आली. जिवंत आईची, मानाची ओळ. 'नवरीची आई कोन गो' असं विचारायचं आणि नाव घ्यायचं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तुळशीची आई कोण? दर वर्षी कमळाबाई तिथे धरणीमाय म्हणायच्या. ते कुणाला आठवलं नाही. आणि मागून करिश्माचा आवाज आला, जरासा बेसूर, "कमलाबाई तिची आई."

बायांनी ती ओळ उचलून धरली. कमळाबाईंचा ताल धरलेला हात थांबला. त्यांनी गावातली झाडून सगळी नावं धवल्यात घातली होती, पण गाणारणीचं नाव गाण्यात कधी येत नाही. आपलं नाव या चालीत कसं लागतं हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

त्या दिवसानंतर त्या गॅलरीत जाऊन बसायला लागल्या. तुळशीसमोर नुसत्या बसायच्या, तोंड मिटून. काढ्याला पानं हेमाताई भिंतीवरून द्यायच्या, नव्या रोपाची, मोजकी. घोट घेतला की कमळाबाई पेला हातात धरून बसून राहायच्या आणि गळा तपासायचा मोह गिळून टाकायच्या. तगमग गेली नाही. ती आत बसून होती. चढाचं काय करायचं, ते काही सुटत नव्हतं.

करिश्माच्या हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात माणसं मावेनात. विकीचे दोन स्पीकर कोपऱ्यात उभे होते, वेळ पडली तर म्हणून. कमलेशनं ते आईला दिसू नयेत अशा बेतानं झाकले होते, आणि कमळाबाईंनी ते आल्या आल्या बघितले होते. करिश्मा पाटावर बसली. समोर कमळाबाई बसल्या, मागे झील धरणाऱ्या बाया, आणि त्यांच्यात हेमाताई. कोमट पाण्याचा पेला बाजूला.

कमळाबाईंनी तोंड उघडलं. एवढ्या दिवसांत पहिला शब्द, गावदेवीचं नाव. आवाज आला. पूर्वीचा नव्हता. खालचा, जाडसर, कडेला थोडा फाटका, पण आवाज होता आणि चाल बरोबर होती. एकवीरा आली, खंडोबा आला, वेशीवरचा देव आला. सासू-सासरे आले. रघूला तीन वेळा बोलावलं तेव्हा जुन्या बायांना हसू फुटलं. कमलेश खांबाला धरून उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

'मांडवाच्या दारी ये गो, माझे'

इथे सूर वर न्यायचा. कमळाबाईंनी श्वास घेतला, सूर उचलला, आणि तो निम्म्यात तुटला. नुसती हवा गेली. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा तेच. मागच्या बाया थबकल्या, त्यांना ओळ उचलता येईना, कारण नाव अजून घेतलं गेलं नव्हतं. विकीचा हात स्पीकरकडे गेला. कमलेशनं मानेनंच त्याला नाही म्हटलं.

कमळाबाईंनी गाणं सोडून दिलं. त्या दोन्ही हात गुडघ्यावर टेकून अर्ध्या उठल्या, मांडवाच्या दाराकडे वळल्या, आणि जशी शेताच्या कडेला खेळत बसलेल्या पोरीला तिन्हीसांजेला दारातून मारायच्या तशी हाक मारली. चढ नाही, चाल नाही.

"वैशे... ये गो. कवरा उशीर करतेस. तुजी पोर बसलीय वाट बघत."

त्या हाकेत थोडा राग होता आणि जेवण निवत असल्याची घाई होती. मांडवातल्या ज्यांनी वैशालीला लहानपणी पाहिलं होतं त्यांनी ही हाक शेकडो वेळा ऐकलेली होती. सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. करिश्मानं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि तिनंही बघितलं.

कमळाबाई खाली बसल्या. पाण्याचा एक घोट घेतला. मग चटईवर थोड्या सरकून त्यांनी आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली, आणि पुढची ओळ सुरू केली.